आठवं काडतूस

हॉलिस,

तुला आता वाचता येत नाही, म्हणूनच हे लिहायचं धाडस होतंय. आर्डिथ तुला वाचून दाखवेल ही एक भीती होती. पण परवा चर्चच्या तळघरात बटाट्याच्या सॅलडच्या पातेल्यामागे उभी राहून तिनंच मला सांगितलं, "व्हॉसबाई, त्याला पत्रंबित्रं नकोत. वाढदिवसाची कार्डंसुद्धा मी न फोडता ड्रॉवरमध्ये टाकते. लिहायचं असेल तर स्वतःसाठी लिहा." बायको म्हणून तिला तुझी जेवढी दया येते तेवढाच तुझा कंटाळाही आलाय. तो लपवायचा ती प्रयत्न करत नाही, आणि त्यासाठी मला ती आवडते.

तू मला तोंडावर कधी दोष दिला नाहीस. दिला असतास तर मी भांडले असते. भांडण माझ्या अंगवळणी पडलेलं आहे, सदतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलंय. पण खिडकीकडे तोंड करून गप्प बसलेल्या माणसाशी काय भांडणार? हिवाळ्यापासून चार वेळा तुझ्याकडे आले. चारही वेळा पाऊस, थंडी आणि आर्डिथच्या गुडघ्यावर बोलून परत फिरले.

आणखी एक. 'तू, तू' करत लिहायला लागले की माझा आवाज वर्गातला होतो. चुकलं कुणाचं ते विचारणारा. या प्रकरणात तो आवाज मला परवडणार नाही. म्हणून इथून पुढे तुझ्याबद्दल लिहिते, तुला नव्हे.

*

हॉलिस नीमायर. मिझुरीतलं आमचं लिंडेनथाल हे गाव, आणि त्याच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर त्याची तेहतीस वर्षं नोकरी. गावाच्या नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन किती, हे तो रोज पहाटे बघायचा. पाण्याच्या नमुन्यात औषध टाकायचं, ते गुलाबी होतं, त्या गुलाबीची छटा तक्त्याशी ताडून बघायची. तेहतीस वर्षांत गावाचं पोट एकदाही बिघडलं नाही. त्याबद्दल कुणी त्याची पाठ थोपटली नाही, कारण न बिघडलेल्या पोटाबद्दल कोण कुणाची पाठ थोपटतं? माझ्या वर्गात तो मागून दुसऱ्या बाकावर बसायचा. हुशार नव्हता, काटेकोर होता. परीक्षानळी धुऊन पालथी ठेवणारा अख्ख्या वर्गात तो एकटा. साठी उलटली तरी तो मला 'बाई'च म्हणायचा, आणि माझ्यासमोर टोपी काढायचा.

पिस्तुलाचा नाद त्याला पस्तिशीत लागला. गावाबाहेरच्या जुन्या खडीच्या खाणीत आमचा क्लब आहे. महिन्यातून एका रविवारी निम्मं गाव प्रार्थना आटोपून थेट तिथं येतं. हा खेळ एका जागी उभं राहून नेम धरायचा नव्हे. लाकडी भिंती, दारं, खिडक्या उभ्या करतात, मधे पुठ्ठ्याची टार्गेटं लपवतात. टायमर वाजला की पळायचं, पळता पळता मारायचं, गोळ्यांचं मॅगझिन संपलं की पळता पळताच बदलायचं. शेवटी मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. म्हणजे नुसता नेम कामाचा नाही आणि नुसती घाईही नाही. मी शाळा सोडल्यावर ऑर्विल केसिंगर मला तिथं ओढून घेऊन गेला. ऑर्विल म्हणजे आमचा निवृत्त पोस्टमन, क्लबचा जुना पंच. म्हणाला, "तुम्हाला दशांशापर्यंत वजन करता येतं, बाई. आमच्याकडे सगळ्यांना नुसता गोंगाट करता येतो." तेव्हापासून वजनाचं आणि वेगाचं टेबल माझ्याकडे. माझ्या हातात आयुष्यात कधी पिस्तूल नव्हतं आणि अजून नाही.

हॉलिस साध्या पिस्तुलांच्या विभागात खेळायचा. दुकानातून आणलं तसं पिस्तूल. नळीच्या टोकावर माशी, म्हणजे बारीकसा उभा खुंट, मागे खाच, आणि त्या दोघांची ओळ लावायला तुमचा डोळा. हल्ली बहुतेकजण पिस्तुलावर नखाएवढी काच बसवतात आणि वेगळ्या विभागात खेळतात. त्या काचेत लाल ठिपका तरंगतो, ठिपका जिथं तिथं गोळी. म्हाताऱ्या डोळ्यांना ते सोयीचं पडतं. यावरून ऑर्विल त्याला दर सामन्याला छळायचा.

"हॉलिस, ठिपका लाव रे बाबा. ठिपका लावल्यापासून मी दहा वर्षांनी तरुण झालोय."

"दिसायला नाही झालास."

"माझी बायको म्हणते, झालोय."

"मग तिलापण लाव एक. डोळे तपासून घे म्हणावं."

राज्याच्या सामन्यात आपापल्या विभागातले पहिले तिघं राष्ट्रीय सामन्याला जातात. हॉलिस दोनदा त्या तिघांच्या जवळ पोचला होता, आणि दोन्ही वेळा चौथा आला. तिसऱ्या जागेसाठी तो सव्वीस वर्षं रोज पहाटे ड्युटीवर जायच्या आधी गॅरेजमध्ये वीस मिनिटं रिकामं पिस्तूल उपसायचा. भिंतीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी टार्गेटं चिकटवलेली. टायमर वाजला की होल्स्टरमधून हात वर, माशी तिकिटावर, खट्. पुन्हा. टायमरच्या आवाजाला त्यांचा कुत्रा कॉटखाली जायचा. आर्डिथ म्हणायची, "कुत्र्याला कळतं, या माणसाला कळत नाही."

*

दोन वर्षांपूर्वीच्या शरदात त्याला पुढची माशी वाकडी दिसायला लागली.

या खेळातला माणूस अशा वेळी काय करतो? माशी बदलतो. हॉलिसनं बदलली. नवीही वाकडी दिसली. मग तो म्हणाला, खाचच तिरकी कापलीय. खाच बदलली. कॅलिपर लावून मोजलं, तर सूतभरही फरक नाही. मग माशी जाड घेतली. मग हिरवी. मग आर्डिथच्या नारिंगी नेलपॉलिशनं रंगवली.

"आमच्या घरात एवढ्या माश्या जुलैतसुद्धा नसतात," आर्डिथ मला म्हणाली. "आणि माझी नेलपॉलिश ही काय पिस्तुलाला लावायची वस्तू आहे? चर्चला जाताना मी नखांना काय लावू, बंदुकीचं तेल?"

सहा महिने हे चाललं. सहा महिने! एवढ्यात दुसरा कुणी चार वेळा डॉक्टरकडे जाऊन आला असता. पण सव्वीस वर्षांत ज्यानं प्रत्येक दोष स्प्रिंगमध्ये, स्क्रूमध्ये, ग्रिपमध्ये शोधला आणि तिथंच गाठला, त्याला दोष स्वतःत असेल हे सुचलंच नाही. आणि मला तरी कुठं सुचलं? मार्चमध्ये तो काडतुसांच्या वेगाचा आलेख काढायला माझ्या स्वयंपाकघरात आला. मी त्याला आलेखाचा कागद दिला.

"बाई, हा कागद ओला झाला होता का?"

"नाही. का रे?"

"मधे फुगलाय. रेषा वाकड्या आहेत."

मी कागद बघितला. रेषा सरळ होत्या. मी त्याला म्हटलं, "डावा डोळा झाक." झाकला. "आता?" रेषा आणखी वाकल्या, असं तो म्हणाला. मग टेबलावरची टोपी उचलून डोक्यावर घातली, जणू निघायची वेळ झाली होती, आणि पुन्हा काढून ठेवली.

"म्हणजे माशी सरळच होती," तो म्हणाला.

मोठ्या शहरातल्या डॉक्टरनं सांगितलं की दोन्ही डोळ्यांची मधली दृष्टी जातेय. उजवा पुढे गेलाय, डावा मागून येतोय. डोळ्यात इंजेक्शनं सुरू झाली. ती ऐकूनच मला घाम फुटला. त्यानं मात्र ती पिस्तुलाच्या देखभालीसारखी वहीत तारखा टाकून घेतली. "आधी का आला नाहीत?" डॉक्टरनं विचारलं. हॉलिस म्हणाला, "माश्या बदलत होतो." डॉक्टरला वाटलं हा वेडसर आहे. बाहेर आल्यावर आर्डिथ त्याला म्हणाली, "त्याचं बरोबर आहे." आणि गाडीत बसून रडली. हे तिनंच मला सांगितलं.

वर्षभर, फार तर दीड वर्ष, असं डॉक्टर म्हणाला होता. ऑक्टोबरमध्ये राज्याचा सामना, एप्रिलमध्ये राष्ट्रीय. हिशेब साधा होता, आणि हॉलिसनं तो गाडीतच केला. हा ऑक्टोबर, नाहीतर काही नाही.

आता सगळे म्हणाले, ठिपका लाव. ऑर्विलनं आपलं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. हॉलिसनं ते उचललं, टार्गेटकडे रोखलं, थोडं वर, थोडं खाली केलं आणि परत दिलं.

"ठिपका मधोमध असतो ना?"

"मग कुठं असणार?"

"माझं मधोमधच गेलंय, ऑर्विल."



*

त्या उन्हाळ्यात त्यानं जी तयारी केली ती मी दुसऱ्या कुणाची बघितलेली नाही. त्यानं सरळ बघणं सोडलं. टार्गेटच्या वर, जरा उजवीकडे बघायचं. मग नजरेच्या खालच्या काठाला माशी दिसते, धूसर, पण सरळ. पुन्हा पहाटेची वीस मिनिटं, आता चाळीस झालेली. सामन्याचे नकाशे संगणकावर आले की आर्डिथ ते मोठ्यानं वाचायची, आणि हा अंगणात बादल्या आणि खुर्च्या मांडून पावलं मोजायचा. पाच पावलं, डावीकडे दोन, मॅगझिन, सात पावलं, खिडकीत तीन, गुडघ्यावर बसून एक.

"सात नाही, आठ," आर्डिथ पायरीवरून ओरडायची. "तुझी पावलं आता लहान झालीत, म्हाताऱ्या!"

"खुर्ची तू हलवलीस."

"मी इथून उठलेसुद्धा नाही! बाई, बघा. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पहिल्यांदाच हा माणूस मला विचारून चालतोय. आणि तरी माझं ऐकत नाही."

अडचण एकच उरली होती. प्रत्येक गोळीनंतर पिस्तूल उसळतं, माशी उडते, आणि नजरेच्या काठावरून एकदा उडालेली माशी त्याला परत सापडायला वेळ लागायचा. शिवाय कोपर दुखत होतं.

इथं मी येते.

आमच्या खेळात काडतूस किती नरम असावं याला तळ आहे. गोळीचं वजन ग्रेनमध्ये घ्यायचं (एक ग्रेन म्हणजे जवाचा एक दाणा), त्याला सेकंदाला फुटांतल्या वेगानं गुणायचं आणि हजारानं भागायचं. येणारा आकडा एकशे पंचवीसच्या खाली गेला की सामना बाद. नाहीतर सगळेच फुसक्या गोळ्या भरतील आणि कुणाचं पिस्तूल उसळणारच नाही. सामन्यात प्रत्येकाची आठ काडतुसं काढून घेतात आणि माझ्या टेबलावर तपासतात. एकशे चोवीस पूर्णांक नऊ म्हणजे एकशे पंचवीस नव्हे. तिथं दयामाया नाही. ती नसावी म्हणूनच तर मला बसवलंय.

हॉलिस आपली काडतुसं स्वतः भरायचा, आणि सव्वीस वर्षं एकशे तेहतीसला भरायचा. ऑगस्टच्या एका दुपारी त्याच्या गॅरेजमध्ये अंगाची काहिली होत असताना मी त्याची वही बघितली आणि म्हटलं, "एकशे तेहतीस कशाला? तळ एकशे पंचवीस आहे. वर आठाची साय कुणासाठी ठेवलीस?"

"सवय आहे, बाई."

"सवय नाही, भीती आहे. एकशे सत्तावीसला आण. उसळी कमी होईल, तुझी माशी तुला लवकर सापडेल. कोपरालाही बरं."

त्यानं कपाळ पुसलं. "थंडी पडली तर?"

"पडली तर काय?"

"थंडीत बारूद आळसावते म्हणतात."

"अर्ध्या टक्क्याचा फरक," मी म्हटलं. "गणित गणित असतं, हॉलिस. त्यात घाबरायचं काय?"

सदतीस वर्षं मी फळ्यावर लिहिलं की तापमान उतरलं की अभिक्रिया मंदावते. पोरांना पाठ करायला लावलं. आणि त्या दुपारी आकडा तोंडाला आला तो फेकला, कारण गरम होत होतं, मला घरी जायचं होतं, आणि माणसं घाबरतात तेव्हा माझा संयम सुटतो. त्यानं वहीत लिहिलं: १२७. खाली कंसात लिहिलं: बाई म्हणाल्या. ते मी त्या वेळी बघितलं आणि मला बरं वाटलं.

त्यानं त्याच दिवशी पाच गोळ्या तोलल्या. सगळ्या एकशे शेहेचाळीस पूर्णांक चारच्या आसपास. मारून बघितल्या. सत्तावीस बरोबर आले.

*

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार. आमच्याच खाणीत राज्याचा सामना. आदल्या रात्री पहिलं दहिवर गोठलं होतं. सकाळी गवत पांढरं आणि माझ्या पत्र्याच्या शेडवर अक्रोडाच्या झाडाची फळं धाडधाड पडत होती. प्रत्येक फळाला ऑर्विल दचकायचा आणि प्रत्येक वेळी "मी नाही दचकलो" म्हणायचा. दाराशी क्लबच्या बायकांनी पावासारखी मऊ, गरम बिस्किटं आणि सॉसेजची ग्रेव्ही ठेवली होती, पण सकाळच्या पहिल्या तुकडीला ती खायला वेळ नव्हता.

पहिली तुकडी माझ्याकडे. पहिल्या तुकडीत हॉलिस.

कुणाला कधी पाठवायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. दुपारची तुकडी आली तेव्हा आम्ही कोट काढले होते. एवढंच सांगते, याहून अधिक सांगण्यात अर्थ नाही.

ऑर्विल मारतो, मी तोलते आणि लिहिते. एक काडतूस उघडलं, गोळी तराजूवर टाकली. एकशे शेहेचाळीस पूर्णांक चार. मग ऑर्विलनं हॉलिसचं पिस्तूल घेतलं आणि वेग मोजायच्या यंत्रावरून तीन मारल्या. आठशे एक्कावन्न. आठशे शेहेचाळीस. आठशे एकोणपन्नास. मी तिन्हींची सरासरी काढून गुणाकार केला. पुन्हा केला.

"किती?" हॉलिसनं विचारलं. त्याला यंत्रावरचे आकडे दिसत नव्हते.

"एकशे चोवीस पूर्णांक दोन."

तो हसला. "बाई, थट्टा करू नका."

मी थट्टा करत नाही हे त्याला दहावीपासून माहीत होतं. त्याचा चेहरा हळूहळू उतरला.

नियमानं आणखी तीन मारायच्या आणि सहातल्या उत्तम तीन धरायच्या. आठशे त्रेपन्न, आठशे चव्वेचाळीस, आठशे बावन्न. उत्तम तीन घेतल्या. एकशे चोवीस पूर्णांक सात.

आता एकच उरलं, आठवं काडतूस. इथं नियम खेळाडूला निवड देतो. तुम्ही ते मारायला सांगू शकता, वेग चांगला आला तर उत्तम तिनांत बसेल. नाहीतर ते उघडून गोळी तोलायला सांगू शकता. ती पहिलीपेक्षा जड निघाली तर तेच वजन धरतात. दोन्ही एकदम नाही. मारलेली गोळी तोलता येत नाही.

"तराजू की नळी?" ऑर्विलनं विचारलं. शब्द तेच विचारायचे असतात, पण त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

माझ्यापुढे आकडे होते. तराजूवर एकशे शेहेचाळीस पूर्णांक आठ भरायला हवी होती, म्हणजे पहिलीपेक्षा चार दशांश अधिक. नळीतून आठशे सत्तावन्न यायला हवे होते, आणि सहातली एकही त्रेपन्नच्या वर गेली नव्हती. मी तोंड उघडू शकत नव्हते. टेबलामागे बसलेल्यानं सल्ला द्यायचा नसतो. ऑगस्टमध्ये मी टेबलामागे नव्हते तेव्हा दिला होता.

हॉलिस माझ्या डोक्याच्या वर, जरा उजवीकडे बघत होता. म्हणजे माझ्याकडेच बघत होता.

"बाई?"

"मला विचारू नकोस."

"तुम्ही काय कराल एवढंच—"

"हॉलिस, तुला मला विचारता येणार नाही. ठरव."

मागे तुकडीतले अकराजण उभे होते.  त्यानं हाताची बोटं एकमेकांवर घासली, थंडीनं ती लाल झाली होती.

"गोळ्या एकाच साच्यातल्या आहेत," तो म्हणाला. हिशेब मोठ्यानं करत होता, वर्गात करायचा तसा. "पाचही सारख्या भरल्या होत्या. वजन हलणार नाही. वेग हलतोय, चव्वेचाळीसपासून त्रेपन्नपर्यंत. हलतंय त्याच्यावर लावावं. ऊनही आलंय आता." शेडच्या तोंडाशी खरंच बोटभर ऊन आलं होतं. "नळी."

"नक्की?" ऑर्विल म्हणाला.

"मारा."

ऑर्विलनं मारलं. मी यंत्र बघितलं. आठशे पन्नास.

मी कागदावर लिहिलं आणि त्याच्यापुढे सहीला सरकवला. त्याला रेघ दिसेना. मी त्याचं बोट धरून रेघेवर ठेवलं. त्यानं सही केली, टोपी काढली, "थँक्यू, बाई," म्हणाला आणि बाहेर गेला.

*

बाद झालेल्याला सामना पुरा खेळायची मुभा असते, फक्त गुण धरत नाहीत. बहुतेकजण गाडीत बसून निघून जातात. हॉलिस गेला नाही. सामन्याचे अकराही टप्पे, म्हणजे स्टेजं, खेळला. आर्डिथ हद्दीबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून पावलं मोजत होती, ओठ हलवत. पंच त्याच्या टार्गेटवरची भोकं टेपनं बुजवत गेले. कशी मारली म्हणाल, तर मला माहीत नाही. मी दिवसभर शेडमध्ये होते. कुणीतरी म्हणालं, सातव्या स्टेजला छान मारली. कुणी म्हणालं, नवव्यात पांढऱ्या, न मारायच्या पुठ्ठ्यावर तीन गेल्या. लिहून कुणीच ठेवलं नाही. तिसरा कोण आला तेही मला आता आठवत नाही, कुणीतरी उत्तरेकडचा होता.

जानेवारीत केंद्रावर त्यानं पहाटेच्या नमुन्याचा गुलाबी रंग चुकीचा वाचला. चूक मोठी नव्हती, कुणाच्या लक्षातही आली नसती. त्यानं स्वतः वरच्यांना फोन केला आणि त्याच आठवड्यात चावी परत दिली. फेब्रुवारीत पिस्तूल ऑर्विलला दिलं. ऑर्विलनं ते कपाटात ठेवलंय, वापरत नाही. म्हणतो, "त्याच्यावर ठिपका बसवला तर ते मला चावेल." आता कुणी हसत नाही, पण त्याला म्हणायची सवय झालीय. राष्ट्रीय सामना एप्रिलमध्ये झाला. त्या आठवड्यात मी हॉलिसकडे गेले होते, ती चौथी वेळ. आर्डिथनं मक्याचा पाव केला होता. तो पाव ताटात चाचपून शोधत होता, आणि आर्डिथ दुसरीकडे बघत होती.

राहिली ती एकच गोष्ट.

सामन्याच्या दिवशी संध्याकाळी मी यंत्र खोक्यात भरत होते, तेव्हा तो शेडच्या दाराशी आला. हातात प्लास्टिकचा डबा होता, पन्नास काडतुसांचा.

"ही त्याच खेपेतली, बाई. एकही मारलेलं नाही."

"मग?"

"उघडा आणि गोळ्या तोला. पन्नासच्या पन्नास. मी पाचच तोलल्या होत्या. पाच म्हणजे काय, काहीच नाही. तुम्हीच शिकवलंय."

"कशाला, हॉलिस? झालं ते झालं."

"तराजू म्हटलं असतं तर तरलो असतो का, तेवढंच सांगा. पन्नासांतल्या किती चार दशांशानं जड आहेत. निम्म्या असल्या तर निम्म्या म्हणा."

"आणि बहुतेक सगळ्या असल्या तर?"

त्यानं खांदे उडवले. "तर तेवढं तरी ठाऊक होईल. मला आता बसून विचार करायला पुष्कळ वेळ मिळणार आहे, बाई. चुकीच्या गोष्टीचा विचार करत बसायला नको."

मी म्हटलं, "रविवारपर्यंत सांगते."

पन्नास काडतुसं उघडायला मला दोन तास लागतात, तोलायला अर्धा. आज मे महिन्याची नऊ तारीख. डबा स्वयंपाकघरातल्या कपाटात तराजूच्या शेजारी आहे. त्यानं लावलेला टेप मी अजून सोडवलेला नाही.